एकोणचाळीसचा रुपया गेला!

दुर्मिळ नाणं दोन रीतींनी विकलं जातं: लिलावात किंवा परस्पर. लिलावाचा कॅटलॉग निघतो, त्यात नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन छापलेलं असतं, बोली चारचौघांदेखत लागते आणि हातोडा पडला की आकडा सगळ्यांना कळतो. परस्पर व्यवहारात विकणारा, घेणारा आणि मधला व्यापारी एवढेच तिघे असतात आणि ‘हे आपल्यातच राहू दे’ असं तिघांनीही एकमेकांना बजावलेलं असतं. त्यामुळे बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते.

ही बातमी ज्याच्या जिव्हारी लागते तो नाणेसंग्राहक बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. बँकेत, नाहीतर शाळेत नोकरी, खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि घरात एक कपाट, ज्याची किल्ली कुठे असते ते फक्त त्याला ठाऊक आहे असा त्याचा समज असतो. पुण्यात असला तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात उकिडवा बसलेला सापडतो. नाण्याची किंमत घरी सांगताना तो एक शून्य गाळतो आणि मित्रांना सांगताना तेच शून्य परत लावतो. एरवी माणूस सरळ असतो.

महाराष्ट्रात त्याची झोप उडवायला १९३९चा रुपया पुरतो. सहाव्या जॉर्जचा हा चांदीचा रुपया मुंबईच्या टांकसाळीत पडला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने जुने चांदीचे रुपये चलनातून परत घेतले. मुळात थोडे, त्यातले बरेच भट्टीत गेले. शेजारचा १९३८चा रुपया सराफाकडे सहज मिळतो, एकोणचाळीसचा मात्र डोळ्यांनी पाहिला असं सांगणारेच पुष्कळ भेटतात.

असा एक रुपया परस्पर गेला असं कानावर आलं की पहिला उद्गार निघतो, ‘डुप्लिकेट असणार!’ नाणं पाहिलेलं नसणं हे या मताच्या आड येत नाही. शंका अगदीच निराधार असते असंही नाही. अडतीसच्या रुपयावरचा इंग्रजी आठ घ्यायचा, त्याच्या खालच्या वेटोळ्याची डावी बाजू बारीक हत्याराने खरवडून काढायची, की नऊ तयार. हा लबाडीचा धंदा जुना आहे. त्यात वाईट गोष्ट ही, की अडतीसचा रुपया तितक्याच वजनाचा आणि तितक्याच चांदीचा, त्यामुळे सराफाचा काटा काही बोलत नाही आणि फरशीवर वाजवून पाहिला तरी खणखणीत वाजतो. सगळी भिस्त त्या नवाच्या शेपटीवर. थोड्या वेळाने चौथ्या हातून फिरत फिरत फोटो येतो. तो सोफ्याच्या फुलाफुलांच्या कव्हरवर, ट्यूबलाइटखाली, किंचित हललेल्या हाताने काढलेला असतो. संग्राहक चष्मा कपाळावर सरकवतो, पडद्यावर दोन बोटं फाकवतो आणि नऊ इतका मोठा करतो की त्याचे चौकोनी ठिपके होतात. त्या ठिपक्यांकडे पाच मिनिटं टक लावून तो निकाल देतो, ‘शेपटी पटत नाही.’ मग भिंग काढून तो फोनचा पडदाही भिंगातून बघतो. येथवर आलेल्या माणसाशी वाद घालू नये.

नाणं खरं आहे असं दोन जाणत्यांनी सांगितलं की गाडी किमतीवर येते. बाजारात एकाच वेळी तीन आकडे फिरत असतात. विकणाऱ्याचा आकडा चढा, घेणाऱ्याने बायकोला सांगितलेला उतरता आणि तिसरा जाणकारांनी बसल्याजागी ठरवलेला. व्यापाऱ्याला विचारलं तर तो नुसता हसतो आणि चहा मागवतो. किंमत रास्त होती की नाही हे संग्राहकाच्या कपाटावर ठरतं. त्याच्याकडे एकोणचाळीसचा असेल तर मातीमोल भावाने गेला, नसेल तर घेणारा ठार वेडा. अमेरिकेत ही गंमत हुकते. १७९४ सालचा एक चांदीचा डॉलर २०१० मध्ये असाच परस्पर विकला गेला, पण ७८ लाख ५० हजार डॉलर हा आकडा उघडपणे सांगण्यात आला. आपल्याकडे आकडा विचारणं हा आगाऊपणा आणि सांगणं हा मूर्खपणा, त्यामुळे तर्काला मैदान मोकळं मिळतं.

याच सुमारास साक्षीदार पुढे येऊ लागतात. ‘अहो, तो आधी माझ्याकडेच आला होता.’ सगळ्यांच्या साक्षी खऱ्या धरल्या तर तो रुपया निम्म्या सदाशिव पेठेत आणि सगळ्या गिरगावात फिरून गेलेला असतो. न घेण्याची कारणं मात्र प्रत्येकाची निराळी. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाला चांदीवरची काळपट झाक आवडली नाही, कुणी म्हणतो, ‘साबणाने धुतलेलं नाणं आपण घरात घेत नाही.’ एखादा कायदेपंडितही निघतो. तो १९७२चा पुरावस्तू कायदा काढतो आणि घेणाऱ्याच्या घरी सरकारी माणसं कशी येतील याचं चित्र रंगवतो. वास्तविक त्या कायद्यात नाणं पुरावस्तू ठरायला शंभर वर्षांचं असावं लागतं आणि एकोणचाळीसच्या रुपयाला २०३९ पर्यंत तरी अभय आहे. पण हे त्याला कुणी सांगत नाही, कारण ऐकताना सगळ्यांनाच बरं वाटत असतं.

या सगळ्याच्या मुळाशी पैसा कमीच असतो. लिलावात नाणं हातचं गेलं तर त्यात शान असते. ‘शेवटपर्यंत हात वर होता माझा, समोरचा पैसेवाला निघाला’ असं माणूस वर्षभर सांगू शकतो. परस्पर व्यवहारात हात वर करायलाच कुणी बोलावत नाही. व्यापाऱ्याने फोनमधली नावं एकेक करत खाली सरकवली, त्यात आपलं नाव आलं आणि त्याचा अंगठा तिथे थांबला नाही, हा विचार संग्राहकाला रात्री दोन वाजता उठवून बसवतो. परवडलं नसतंच, हे त्यालाही मान्य असतं. पण नाही म्हणायची संधी तरी द्यायची!

आता व्यापाऱ्याशी भांडावं, तर पुढचं नाणं त्याच्याकडेच येणार. म्हणून संग्राहक रविवारी मुद्दाम त्याच्याकडे जातो, त्या रुपयाचा विषय काढत नाही, आणि १९११चा रुपया पाहायला मागतो. हा पंचम जॉर्जचा ‘डुक्करछाप’. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि १९१२ पासून हत्ती बदलावा लागला. संग्राहक तो भिंगाखाली फिरवतो, सोंड बघतो, आणि सांगितलेला भाव घासाघीस न करता मोजतो. व्यापाऱ्याला या गिऱ्हाइकाच्या मनात काय चाललंय ते तेवढ्यावरून कळतं. पुढच्या वेळी त्याचं नाव कदाचित थोडं वर सरकतं.

इकडे सोसायटीत बातमी वेगळ्या रूपात पोचलेली असते: जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. मग शेजारचे काका वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन येतात, खालचा वॉचमन ७८६ आकड्याची नोट आणतो, आणि दोघांच्याही भाच्यांनी मोबाइलवर भाव पाहिलेला असतो. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, तरी काकांचा विश्वास ढळत नाही. पाचाच्या नाण्याचे पाचच रुपये येतील हे ऐकून ते संग्राहकाकडे असे बघतात, जसा तो स्वतः व्यापाऱ्याकडे बघत होता. घरातही प्रश्न येतो, ‘आपल्या कपाटात आहे का तसलं काही? विकून टाका की!’ गाळलेली शून्यं इथे महागात पडतात. खरी किंमत सांगावी तर आजवर घातलेल्या पैशांचा हिशेब निघणार, आणि न सांगावी तर एखाद्या दिवशी सगळं कपाट भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाणार.

घेणारा या काळात गप्प असतो, पण सुखी नसतो. लाखमोलाचा रुपया लॉकरमध्ये ठेवून कुणालाच दाखवायचा नाही हे कुणाही संग्राहकाच्या प्रकृतीला मानवत नाही. काही वर्षांत तो कंटाळतो, किंवा त्याच्या मुलाला फ्लॅट घ्यायचा असतो, आणि रुपया लिलावात येतो. अमेरिकेतल्या त्या डॉलरचंही तेच झालं. २०१३च्या लिलावात तो एक कोटी डॉलरच्या वर गेला. आपल्या रुपयाच्या कॅटलॉगमध्ये ‘एका जुन्या संग्रहातून’ एवढंच छापलेलं असतं, पण नवाची शेपटी जाणकार लगेच ओळखतात. ज्याने तो डुप्लिकेट ठरवला होता आणि ज्याने महाग म्हणून नाक मुरडलं होतं, ते दोघेही पुढच्या रांगेत असतात. दोघांतला एक जण हट्टाने जुन्या भावाच्या कितीतरी वर बोली लावतो, वर लिलाववाल्यांचं कमिशन आणि जीएसटी भरतो, आणि नाणं घरी आल्यावर दार लावून घेऊन आधी भिंग काढतो.