जोडगोळी

आमच्या सांदवाडीच्या कुंपणावर वालाचा वेल आहे, त्यात एक भगदाड मुद्दाम राखलंय. विरजण, भाजीची वाटी आणि गावच्या बातम्या तिथूनच ये-जा करतात. ऐन रोवणीत शेजारच्या काकू चार दिवस भगदाडाशी फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी डोकं दिसलं.

"काहून जी काकू, परे संपले का?"

"परे कुठचे, मीच संपत होती!"

झालं असं. सकाळी सहाला शुगरची गोळी घेतली, वर कपभर चहा, आणि 'बांधीतच जेवू' म्हणून निघाल्या. शिदोरी यायला दीड वाजला. त्याआधीच हात थरथरले, लुगडं घामानं चिंब, डोळ्यांपुढे अंधारी. बायका म्हणाल्या, बाहेरचं लागलं. एकीला सुचलं, तिनं चहाची साखर तोंडात घातली, पाठोपाठ भात चारला. काकू उठून बसल्या त्या 'रोजी कापू नका' म्हणतच!

"गोळी शुगर कमी करासाठीच ना? मंग कमी झाली तर डॉक्टर काहून रागावले?"

पाकीट भगदाडातून इकडे आलं. गोळी एकच, पण एक थर पांढरा, एक रंगीत. आमच्या घरीही हीच. आत दोन औषधं नांदतात आणि दोघांचे स्वभाव निराळे. मेटफॉर्मिन तसं सज्जन. यकृतातून रक्तात सुटणारी साखर आवरतं, फार तर पोट बिघडवतं. ग्लिमेपिराइड मात्र सावकार आहे. ताटात भात असो-नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन वसूल करणार म्हणजे करणार. म्हणून ती गोळी जेवणाला लागूनच घ्यायची. काकूंना गोळी लिहून देणाऱ्यानं 'बाई, जेवता केव्हा?' एवढं विचारायला हवं होतं, असं माझं मत.

"मंग पांढरी बाजू सकाळी, रंगीत रात्री?"

हा प्रयोग आमच्या ह्यांनी सुरीनं करून झालाय. गोळी आडवी तुटते, दोन्ही तुकड्यांत दोन्ही थर येतात. शिवाय त्यातलं मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणारं. मोडलं की तो हिशेबच बिघडतो.

"दुसरी गोळी नाही का जी?"

आहे की. सिटाग्लिप्टिन-मेटफॉर्मिनची जोडी. उपाशीपोटी शुगर पाडायची खोड तिला फार कमी. पूर्वी महाग होती. जुलै 2022 मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि त्याच सप्टेंबरात जनऔषधी केंद्रात 50/500 च्या दहा गोळ्या 65 रुपयांना आल्या. पण बदल डॉक्टरांनीच करायचा, किडनीची तपासणी पाहून. माझं ऐकून नाही.

"तुमचं कोन ऐकते?" म्हणत काकूंनी वालाच्या शेंगा तोडल्या. माझ्याच बाजूच्या.

सोमवारी आम्ही दोघी दवाखान्यात जाणार आहोत. तोवर काकूंच्या पदराला साखरेची पुडी आहे, आणि गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यातून निघून भाताच्या गंजावर आलंय.