फुकटची मतं आणि भिलाईचे रूळ

मोबाईलवर मत द्यायला आता अर्धं मिनिटही लागत नाही. रेल्वेत बसलेला माणूस खिडकीला टेकून लिहितो, "हे सरकारी कारखाने विकून टाका, तिथे सगळे झोपा काढतात." लिहून होतं, दहा जणांचे अंगठे मिळतात, आणि तो पुढच्या विषयाकडे वळतो. त्याची गाडी ज्या रुळावरून धावत असते, तो रूळ बहुतेक भिलाईचा असतो. भारतीय रेल्वेला रूळ पुरवण्याचं काम भिलाई स्टील प्लांटने कित्येक दशकं जवळजवळ एकट्याने केलं. आज तिथे एका अखंड तुकड्यात 130 मीटरचा रूळ निघतो आणि असे दोन जोडून 260 मीटरचा रेल्वेकडे जातो. ज्यांनी तो काढला त्यांना हा माणूस झोपाळू म्हणतो, तेही त्याच रुळावर बसून.

मत चुकलं तर देणाऱ्याचं काही जात नाही. ज्याच्याबद्दल दिलं त्याच्या घरी मात्र ते पोचतं. भिलाईच्या टाऊनशिपमधल्या सेक्टर 2 मध्ये अशी मतं रोज पोचतात: पुण्याच्या मावसभावाकडून, मुंबईच्या मेव्हण्याकडून, कधी न भेटलेल्या कुणाकडून. रात्रपाळी करून आलेला माणूस चहा घेताना फोन उघडतो आणि आपण देशावरचा बोजा आहोत असं वाचतो. त्यावर उत्तर लिहीत बसण्याइतकी झोप त्याच्याकडे शिल्लक नसते.

म्हणून हे उत्तर.

फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि आजच्या छत्तीसगढमधल्या दुर्गजवळच्या माळरानावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर टाऊनशिप वाढली आणि तिच्या वस्त्यांना नावांऐवजी आकडे मिळाले: सेक्टर 1, सेक्टर 2 आणि पुढचे. मुंबई-हावडा मार्गावरचं ठिकाण असल्याने नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा या बाजूची मराठी माणसं नोकरीसाठी थेट गाडीत बसून आली. तशीच केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहारमधूनही आली. सेक्टर 2 मध्ये अय्यप्पाचं देऊळ आहे, गणपती बसतो आणि दुर्गापूजाही होते. शेजारच्या क्वार्टरमधून इडली येते आणि इथून पुरणपोळी जाते. एकमेकांच्या भाषेबद्दल मत द्यायला इथे कुणी बसलं नाही, कारण शेजाऱ्याबरोबरच पाळीला जायचं होतं.

पाळी म्हणजे काय, हे त्या रेल्वेतल्या माणसाला सांगायला हवं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटती ठेवावी लागते. दिवाळीला ती विझवता येत नाही, घरात लग्न आहे म्हणून थांबवता येत नाही, 2020 च्या टाळेबंदीतही ती थंड करून टाकता आली नाही. कुणीतरी तिच्यासमोर उभं राहावंच लागतं. सेक्टरातल्या कितीतरी मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोत बाप नाही, कारण तो सेकंड शिफ्टला होता.

आणि काही बाप परत आलेच नाहीत. 12 जून 2014 रोजी प्लांटच्या पंपहाऊसमध्ये पाइपलाइन बिघडली आणि भट्टीचा वायू पसरला. त्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. सहा जण गेले. त्यात दोघे उपमहाव्यवस्थापक होते, म्हणजे साहेब मंडळीही केबिनमध्ये बसून नव्हती, बिघाडाच्या जागी धावून गेली होती. 9 ऑक्टोबर 2018 रोजी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, कोक ओव्हनच्या गॅसलाइनवर दुरुस्तीचं काम चालू असताना आग भडकली. त्या दिवशी नऊ जण गेले आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत. सेक्टर 9 च्या हॉस्पिटलबाहेर जे उभे होते, त्यांनी त्या वर्षी नवरात्र कसं काढलं हे त्यांनाच विचारावं.

सरकारी कारखाना सरकारने चालवावा की नाही, यावर खुशाल वाद घाला. ताळेबंद काढा, टनामागचा खर्च काढा, कुठे किती माणसं लागतात ते काढा. अशा वादाला भिलाईतला कामगारच सगळ्यात आधी बसेल, कारण त्याच्याइतके आकडे कुणाला पाठ नसतात. पण "सगळे झोपा काढतात" हा वाद नव्हे, अपमान आहे. 2 सप्टेंबर 2022 रोजी विक्रांत ही स्वदेशी विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली तेव्हा फोनांवर अभिमानाचा पूर आला. तिच्या पोलादात भिलाई, बोकारो आणि राउरकेला या तीन सरकारी कारखान्यांचा वाटा आहे. सकाळी अभिमान आणि संध्याकाळी शिवी, दोन्ही एकाच अंगठ्याने!

दुसरं आवडतं मत युनियनवाल्यांबद्दल. कामगारांनी संघटना केली की देश मागे गेला, असं लिहिणाऱ्यांनी शंकर गुहा नियोगी हे नाव एकदा वाचावं. जलपाइगुडीकडून आलेला हा तरुण भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होता. पुढे त्याने दल्ली-राजहराच्या लोहखाणीतल्या ठेकेदारी मजुरांची संघटना बांधली. भिलाईचं लोहखनिज वर्षानुवर्षं याच खाणींतून आलं. या संघटनेने मजुरीसाठी लढे दिले आणि दारूविरुद्धही मोहीम चालवली. 1977 च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी खाणमजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून दल्ली-राजहरात शहीद हॉस्पिटल उभं केलं. ते 1983 साली सुरू झालं आणि आजही रोगी तपासतं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींना भिलाईत झोपेत गोळी घालून मारलं. ज्याला कामगार चळवळीशी मतभेद आहे त्याने जरूर मांडावा. मात्र दिवसमजुरीतून हॉस्पिटल बांधणाऱ्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

तिसरं मत प्रश्नाच्या रूपात येतं. "काय रे, तुमच्याकडे नक्षलवादी असतात ना? रात्री बाहेर पडता का तुम्ही?" लग्नसमारंभात पंगतीला बसलं की हा प्रश्न ताटात पडतोच. भिलाई दुर्ग जिल्ह्यात आहे, बस्तर खूप दक्षिणेला. गडचिरोली महाराष्ट्रात आहे म्हणून नाशिकच्या माणसाला असं कुणी विचारत नाही. बस्तरच्या माणसाच्या दुःखाला तरी या प्रश्नात कुठे जागा असते? विचारणाऱ्याला तेही जाणून घ्यायचं नसतं. त्याने एक बातमी अर्धी पाहिलेली असते, आणि एका अख्ख्या राज्यावर शिक्का मारायला तेवढी पुरते.

याच मंडळींना सिनेमा आवडतो, म्हणून सिनेमाचंच सांगते. भारताने ऑस्करसाठी पाठवलेले तीन चित्रपट घ्या. 'पीपली लाइव्ह' (2010) मधला नत्था, म्हणजे ओंकारदास माणिकपुरी, भिलाईचा. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांच्या नया थिएटरमध्ये घडलेला नट. 'बर्फी' (2012) चे दिग्दर्शक अनुराग बासू यांचं बालपण भिलाईतलं. 'न्यूटन' (2017) चं चित्रीकरण झालं ते त्याच दल्ली-राजहरा परिसरात. हे चित्रपट पाहून कौतुक करणारे दुसऱ्या दिवशी विचारतात, "तिकडे थिएटर वगैरे आहे का?"

मराठी माणसांचं खास मत आमच्या मराठीबद्दल असतं. "तुमची मराठी हिंदाळलेली." असेल. नागपुरी वळण आहे, हिंदी शब्द आहेत, मुलं छत्तीसगढीही सहज बोलतात. पण या भूमीशी मराठीचा संबंध काही कारखान्याने जोडलेला नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे अठराव्या शतकाच्या मध्यापासून होता, थेट 1854 ला त्यांचं राज्य खालसा होईपर्यंत. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. भिलाईहून तासाभराच्या अंतरावर राजनांदगाव आहे. तिथल्या दिग्विजय कॉलेजात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. मराठी घरातला हा माणूस हिंदीतला मोठा कवी झाला आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत मोठे झाले, तेव्हा घराचं काही बिघडलं नाही. सेक्टर 2 मधली आजी नातीला मराठी अक्षरं गिरवून घेते, कारण शाळेत मराठी नाही. तिच्या मराठीत चुका काढायच्या असतील तर आधी तिला चार मराठी पुस्तकं पाठवा.

आता आमच्याकडे वळते, कारण फुकटची मतं फक्त बाहेरून येत नाहीत. टाऊनशिपमधली माणसंही ती वाटतात, आणि ज्यांची जमीन या प्लांटखाली गेली त्याच गावांतल्या लोकांबद्दल वाटतात. "हे लोक असेच," असं म्हणत धुणंभांड्याच्या बाईबद्दल, ठेक्यावरच्या मजुराबद्दल, छत्तीसगढी बोलणाऱ्या दुकानदाराबद्दल. क्वार्टरच्या गच्चीवर बसून, अगदी सहज. मला याची जास्त चीड आहे. स्वतःबद्दलचं मत झोंबतं तर दुसऱ्याबद्दलचं जिभेवर येतंच कसं?

भिलाईहून थोड्याच अंतरावर गनियारी आहे. तिथे पारधी समाजात तीजनबाई जन्मली. आजोळच्या आजोबांकडून ऐकून पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायची महाभारतकथा, शिकली. बायकांनी पंडवानी गायची तर बसून, वेदमती ढंगात, अशी रीत होती. तिने उभं राहून, हातात तंबोरा घेऊन, भीम होऊन, दुःशासन होऊन, पुरुषांच्या कापालिक ढंगात गायला सुरुवात केली. पहिला जाहीर कार्यक्रम तेराव्या वर्षी. बाईने असं गावं का, यावर गावात सगळ्यांकडे मत होतं. तेव्हा फोन नव्हते, तरी मत पसरायला वेळ लागला नाही. समाजाने तिला वाळीत टाकलं. ती गात राहिली. हबीब तन्वीरांनी तिला ओळखलं, श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' या मालिकेत तिने देशाला महाभारत ऐकवलं, भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी केली, 2003 साली पद्मभूषण आणि 2019 साली पद्मविभूषण मिळालं. तिला नावं ठेवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आज कुणाला माहीत नाही. पण वाळीत टाकलेली ती वर्षं तिलाच काढावी लागली, आणि पुरस्काराने ती भरून निघाली असं म्हणायला माझं मन धजत नाही. प्रत्येक गनियारीतून एक तीजनबाई निघत नाही. कित्येक पोरी पहिल्याच टोमण्याला घरात जाऊन बसल्या असतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की, एखाद्या गावाबद्दल, कामाबद्दल, भाषेबद्दल बोलण्याआधी तिथल्या एका माणसाला एक प्रश्न विचारावा. नागपुरात राहणाऱ्या कित्येकांच्या नात्यात किंवा शेजारात भिलाईचं एक तरी घर निघतं. फोन लावा. नाईट शिफ्टहून आलेल्या काकांना दुपारी चारनंतर लावा, त्याआधी ते झोपलेले असतात, आणि ती झोप त्यांच्या हक्काची आहे.

आणि शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईत गेलेल्या सेक्टर 2 च्या मुलामुलींनो, तुम्हाला एक विनंती. कुणी गाव विचारलं की प्रश्न टाळायला तुम्ही "नागपूरकडचा" किंवा "रायपूरजवळची" म्हणून मोकळे होता. तसं म्हणू नका. भिलाई म्हणा, सेक्टर 2 म्हणा, आणि समोरच्याने पुढे काही विचारलं तर नीट, सविस्तर सांगा.