फायनल, नवीन, खरी

1995 साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली: कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं सुधारावं. आपल्या कंपन्यांनी कल्पना उचलली, फक्त 'कुणीही'च्या जागी 'साहेबांच्या मंजुरीने' घातलं. आता ऑफिस तिथे ज्ञान-पोर्टल. त्यात उद्घाटनाचा फोटो आणि 'रजा नियम फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' अशा तीन फायली. लाइकचा अंगठा देणारे पुष्कळ. लिहिणारा एकच, तोही नोटीस पिरियडवर.

पोर्टलविना ज्ञान कसं फिरतं ते बघा. दिल्लीच्या करोल बागेत विटा-आटपाडीकडची आपली गलाईवाली मंडळी सोनं शुद्ध करतात. जुनी रीत अशी, की आधी सोन्यात चांदी मिसळायची, इतकी की सोनं पाव हिस्साच उरावं. मग नायट्रिक आम्ल ती चांदी खाऊन टाकतं. शुद्ध करायला आधी भेसळ! पोर्टलवर हे कुणी टाकलं असतं तर कम्प्लायन्सवाल्यांनी संध्याकाळच्या आत उडवलं असतं. गावाकडचा भाचा मात्र भट्टीशेजारी बसून शिकतो. "मामा, रंग बघा की," एवढीच त्याची क्वेरी. उत्तर तत्काळ, शिवीसकट.

तिथल्याच गफ्फार मार्केटात मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा अडला, की बोर्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. चहा येईस्तोवर कुठला कपॅसिटर शॉर्ट असेल ते कुणीतरी सांगतं. बॅज कुणालाच मिळत नाही, बिचारे!

ऑफिसात 'सक्रिय ज्ञानदाता' असा बॅज असतो. यंदा तो अकाउंट्सला गेला, पोर्टलवर दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्याबद्दल.