तब्येतीचे लेखापरीक्षक

रीडिंगकाकांना "काय काका, कसे आहात?" असं घाईत असताना कधी विचारू नये. बाकीची माणसं "मजेत" म्हणून सुटतात. काका आधी मनगटाकडे बघतात, मग खिशातून फोन काढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "परवापेक्षा बरा आहे. कालपेक्षा मात्र चार अंकांनी खाली." कसले चार अंक, असं ज्याने विचारलं त्याची बस गेली म्हणून समजा.

पुण्याच्या सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव आता लिफ्टशेजारच्या पाटीवर तेवढं उरलंय. काका लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांची दप्तरं तपासली. व्हाउचर नाही, सही नाही, मोजमाप पुस्तकात नोंद नाही, असे पॅरे काढले. काका येणार म्हटल्यावर तालुक्याच्या कचेऱ्यांत माणसं रजेचे अर्ज टाकत. निवृत्तीनंतर त्यांचे फार हाल झाले, कारण तपासायला काही उरलंच नाही. सोसायटीचे हिशेब तपासून पाहिले, तर सेक्रेटरींनी राजीनामा दिला. काकूंचा किराणा तपासायला घेतला, तर काकूंनी पिशवी आणि यादी दोन्ही त्यांच्या हातात ठेवली. ते प्रकरण त्याच दिवशी निकालात निघालं.

मग न्यू जर्सीच्या मुलाने घड्याळ पाठवलं. ते बांधल्या दिवशीच काकांच्या लक्षात आलं, की एक अख्खं कार्यालय जन्मापासून विनातपासणी चालू आहे, आणि ते आपणच आहोत.

सुरुवात पावलांपासून झाली. रोज १०,००० पावलं हे घड्याळाचं उद्दिष्ट, आणि उद्दिष्ट म्हटलं की काका ते पूर्ण करणारच. पहाटे तळजाईची टेकडी, संध्याकाळी पार्किंग, आणि रात्री शे-दोनशे कमी पडली तर देवघर ते गॅलरी. एकदा मी त्यांना सहज सांगितलं, की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, असं ठेवलं. आकडा गोल, म्हातारे-कोतारे सगळ्यांच्या लक्षात राहणारा, तो तिथून जगभर गेला. काकांचा चेहरा पडला. "म्हणजे याला जीआर नाही?"

जीआर नसलेल्या नियमाखाली आपण दोन वर्षं चाललो, हे त्यांना फार लागलं. मग मी हार्वर्डच्या आय-मिन ली यांचा २०१९ चा अभ्यास सांगितला. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्या वयस्क स्त्रियांचाही मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. "स्त्रियांचा आहे, मला लागू नाही," म्हणून त्यांनी तो परत केला. शेवटी २०२२ सालच्या ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये त्यांना हवं ते सापडलं. साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजार पावलं पुरतात, असं पंधरा अभ्यास एकत्र करून काढलेलं अनुमान. दुसऱ्या दिवशी तळजाईच्या उतारावर आठ हजारावं पाऊल पडलं आणि काका जागच्या जागी थांबले. मंजूर मर्यादेबाहेर खर्च करायचा नाही, हा त्यांचा बाणा. घरी रिक्षाने आले.

झोपेचंही तेच. सकाळी काकू विचारतात, "झोप लागली का?" काका म्हणतात, "थांब, बघतो." गाढ झोप, हलकी झोप, स्वप्नांची झोप असा तपशील निघतो आणि एकूण गुण येतात. गुण बरे असले तर काका ताजेतवाने होतात. कमी असले तर दुपारपर्यंत जांभया देतात, मग रात्रभर घोरत का असेनात. झोपेचे आकडे सुधारायच्या काळजीने झोप उडते, या प्रकाराला अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. हे कळल्यावर काका खूश झाले. आपल्याला काहीतरी आहे आणि त्याला अधिकृत शीर्षही आहे.

मग आला वजनकाटा. हा साधा काटा नव्हे. अनवाणी उभं राहिलं की तळपायातून अगदी सौम्य वीज सोडून तो अंगातली चरबी सांगतो, आणि आधी तांब्याभर पाणी प्यायलात तर वेगळी सांगतो. काका अंगाने काटकुळे. पण काट्याने चरबी सांगितली ती एखाद्या सुखवस्तू माणसाची. दोन दिवस काका कुणाशी बोलले नाहीत. त्यांना धीर दिला तो पुण्यातल्याच एका संशोधनाने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय नेमका एकच, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. भारतीय माणूस बाहेरून बारीक दिसला तरी आतून बारीक असतोच असं नाही, आणि आपल्याकडे मधुमेह लवकर का गाठतो याचं एक उत्तर त्यात आहे. हा फोटो म्हणजे त्या मुद्द्याचा चालताबोलता पुरावा. काकांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे हा जादा साठा वैयक्तिक नाही. विभागीय आहे."

हृदयाशी मात्र त्यांचं पटलं नाही. घड्याळाच्या बटणावर बोट ठेवून तीस सेकंद स्वस्थ बसलं की ईसीजीची एक रेघ निघते. घड्याळ वापरणाऱ्या ४ लाख १९ हजार अमेरिकनांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ठोका चुकत असल्याची सूचना जेमतेम अर्ध्या टक्क्याला आली होती. काकांना ती कधीच आली नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं. पण एकदा रेघेखाली "अनिर्णित" असा शेरा आला. लेखापरीक्षकाला याच्याइतका मोठा अपमान नाही. हो म्हणा, नाही म्हणा, पण अनिर्णित काय? त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा बोट ठेवत बसले. संतापाने नाडी एवढी वाढली की घड्याळाने जरा विश्रांती घ्या असं सुचवलं.

आता दंडाची गोष्ट. एप्रिलच्या तपासणीत काकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ५.९ निघाली. मधुमेह नाही, पण काठावर. भारतात १३ कोटी ६० लाख लोक असे काठावर आहेत, असा आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज. काकांनी तो आकडा एवढ्या अभिमानाने सांगितला, जणू त्या सगळ्यांनी त्यांना निवडून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला, भात कमी करा, तीन महिन्यांनी या. काकांनी दंडाच्या मागे साखरेचा सेन्सर लावून घेतला.

हे यंत्र खरोखर मोठ्या कामाचं आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. नाण्याएवढी चकती, तिची केसासारखी तार कातडीखाली, आणि दोन आठवडे दर काही मिनिटांनी साखर फोनवर. ज्या मुलांना टाइप वन मधुमेह आहे, जी इन्शुलिनवर जगतात, त्यांच्या आयांना रात्री दोनदा उठून झोपलेल्या पोराचं बोट टोचावं लागायचं. आता साखर उतरली की फोन वाजतो. त्या आईच्या झोपेची किंमत कुठल्या काट्यावर निघणार? काकांना त्याची काडीची गरज नव्हती. पण अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदा असा सेन्सर चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, ही बातमी त्यांच्याकडे कात्रणासह होती.

पहिला पॅरा आमरसावर निघाला. जेवल्यावर साखर चढते आणि निरोगी माणसाची आपोआप उतरते. काका फक्त चढ बघत आणि उतार येईपर्यंत स्वादुपिंडाच्या नावाने खडे फोडत. आषाढात तळण झालं, श्रावणात साबुदाणा झाला, प्रत्येकाचा आलेख काढून झाला. साबुदाण्याची खिचडी उपासाला चालते हे कुणी ठरवलं, याची ते अजून चौकशी करताहेत. बातमी सोसायटीभर झाली आणि गौरीजेवणाच्या दिवशी ए विंगमधून पहिली थाळी आली. "काका, आमची पुरणपोळी किती चढते, बघा ना."

संध्याकाळपर्यंत आणखी थाळ्या आल्या. काकांनी नियम जाहीर केला: सकाळी अनशापोटी, एकच पोळी, वर तूप नाही. सबंध सोसायटीत यावरून वादंग झाला. तुपाशिवाय पुरणपोळी आमच्या घरातून बाहेर जाणार नाही, असं सी विंगच्या आजींनी निक्षून सांगितलं. काका नमले. मग रोज एक पोळी, सलग. निकाल लागला तेव्हा सगळ्यांत कमी चढली ती आजींची, कारण ती तुपात बुडाली होती. तुपाने जठर सावकाश रिकामं होतं आणि साखर रेंगाळत चढते. ज्यांची सगळ्यांत जास्त चढली त्या ए विंगच्या वहिनी रुसल्या, हे समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या नंबरवर आलेल्याही रुसल्या. "कमी चढली म्हणजे? आम्ही पुरणात गूळ घालत नाही की काय!"

त्याच आठवड्यात घड्याळाने घात केला. पडलेला माणूस घड्याळाला कळतो. मनगटाला जोराचा हिसका बसला आणि नंतर मिनिटभर हालचाल नाही, की ते आधी वाजतं आणि मग घरच्यांना संदेश पाठवतं. सोसायटीच्या गणपतीची आरती चालू होती. काकांनी टाळ्या वाजवल्या त्या अंगात आल्यासारख्या. मग मंत्रपुष्पांजली सुरू झाली आणि हातात फुलं घेऊन, डोळे मिटून काका स्तब्ध उभे राहिले. घड्याळ बोंबलत होतं. पण झांजा थांबल्या नव्हत्या, कारण आमच्या मुलांना त्या कधी थांबवायच्या हे कुणी शिकवलेलं नाही. न्यू जर्सीत संदेश गेला, की तुमचे वडील जोरात पडले आहेत आणि हालत नाहीत. मुलाचा फोन काकूंना आला तेव्हा त्या खिरापत वाटत होत्या. त्यांनी मान वळवून काकांकडे बघितलं. "पडले नाहीत. उभे आहेत. प्रसादाला पुढे आहेत."

त्यानंतर एका रात्री तीन वाजता फोन कोकलला: साखर धोक्याच्या खाली. काकूंनी उठून साखरपाणी पाजलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काका आलेखांची चळत आणि एआयने लिहिलेला चार पानी अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेले. सोबतीला मला नेलं, साक्षीदार म्हणून.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"होत काही नाही, डॉक्टर. दिसतंय बरंच."

डॉक्टरांनी चारही पानं वाचली. स्वादुपिंडाच्या दुर्मीळ गाठीपर्यंत सगळं त्यात आलं होतं. "शेवटची ओळ चांगली आहे," ते म्हणाले. "‘आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.’ तर घ्या. कुठल्या कुशीवर झोपता?"

"डाव्या."

"सेन्सर कुठल्या दंडावर?"

काका गप्प. हे यंत्र रक्तातली नाही, पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजतं. दंड अंगाखाली चेंगरला की तो आकडा खोटाच खाली जातो. काकू दोन रात्री साखरपाणी पाजत होत्या ते काकांच्या वजनाला.

दसऱ्याच्या आधी दोघांच्याही तपासण्या झाल्या. काकूंना बारा वर्षं मधुमेह आहे, हे सोसायटीत अनेकांना माहीतही नाही. सकाळी एक गोळी, आणि काकांच्या मागे तळजाई. त्यांच्या मनगटात बांगड्या. एप्रिलमध्ये त्यांचं एचबीएवनसी ७.३ होतं, ते ६.७ वर आलं होतं. काकांचं ५.९ वरून ६.२ वर गेलं होतं.

काकांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, उलटसुलट पाहिले. "अगं, तुझं कमी कसं झालं? नोंदी कुठेत?"

"नोंदी नाहीत. आमरस तुम्ही तपासलात, पुरणपोळ्या तुम्ही तपासल्यात. मला उरल्या कुठे?"

"नोंदीशिवाय हे ग्राह्य धरता येणार नाही."

"नका धरू," काकू म्हणाल्या. "दसऱ्याला श्रीखंड घरी करायचं, की विकतचं आणायचं?"

काकांनी नव्या सेन्सरचं खोकं फोडता फोडता विचार केला.

"दोन्ही ठेव. तुलनेला लागेल."