चुलीवरचा गेम

हायवेला लागलं की दर दोन-चार किलोमीटरला पाटी येते: ‘चुलीवरचं मटण’. आमच्या आजीनं उभा जन्म त्या चुलीत फुंकणी घालून डोळे लाल करून घेतले. घरात गॅस आला त्या दिवशी तिनं सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं. आता तिचे नातू गाडी थांबवून त्याच धुराचे जादा पैसे मोजतात, वर फोटोही काढतात.

हे आठवलं ते वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमुळे. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीनं हा गेम 23 नोव्हेंबर 2004 ला आणला. हजारो लोक एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरणार आणि त्यासाठी महिन्याला पंधरा डॉलरला एक सेंट कमी एवढं भाडं भरणार. त्या जगात सुखसोय म्हणून नव्हती. चाळिसाव्या लेव्हलपर्यंत पायी तंगडतोड. मग घोडा दिसायचा, पण त्याला शंभर सोनमोहरा, आणि त्या कुठल्या असायला खिशात! शिकारी झालात तर पाळलेल्या जनावराला वेळेवर खायला घाला, बाण विकत घ्या, पाठीवर वाहा. मोठा राक्षस मारायचा तर चाळीस माणसं जमवा. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला कोरमसुद्धा होत नाही.

पुढं कंपनीनं एकेक गैरसोय काढून टाकली. बटण दाबलं की सवंगडी गोळा, घोडा लवकर. डिसेंबर 2010 मध्ये तर ‘कॅटाक्लिझम’ नावाची भर आली आणि तिनं जुन्या जगाचा नकाशाच उचकटून नवा बसवला. जुनी कॅसेट माळ्यावर टाकून ठेवता येते. इथं घर कंपनीच्या कॉम्प्युटरवर, तुम्ही भाडेकरू. मालकानं भिंत पाडली की पडली. मग भाडेकरूंना जुन्या भिंतीची ओल आठवायला लागली.

नोव्हेंबर 2013 मध्ये कंपनीच्या जत्रेत, म्हणजे ब्लिझकॉनमध्ये, एकानं माइकवर विचारलं की जुना गेम परत देणार का? मंचावर होते कंपनीचे जे. अॅलन ब्रॅक. ते म्हणाले, तुम्हाला वाटतं तुम्हाला तो हवाय, पण नकोय. पोरगं खायला मागतंय आणि आई सांगते, ‘तुला भूक नाहीये, तुला नुसतं तोंड चालवायचंय’, त्यातला प्रकार. गंमत अशी की त्याच वर्षी फेब्रुवारीत, केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीनं रूनस्केप या आपल्या गेमचा जुना अवतार पुन्हा सुरू केला होता. त्यांना 2007 चा एक बॅकअप सापडला, त्यांनी खेळणाऱ्यांचं मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि दुकान उघडलं. पुढं त्या जुन्या दुकानाची गिऱ्हाइकी नव्यापेक्षा वाढली. नवीन काही घालायचं तर पंचाहत्तर टक्के मतं मिळाल्याशिवाय घालायचं नाही, असाही त्यांचा अनेक वर्षं नियम होता. एवढं बहुमत आपल्याकडे फक्त सुट्टीच्या ठरावाला मिळतं.

ब्रॅक नाही म्हणाले म्हणून भक्त थांबतात थोडेच? काही हौशी मंडळींनी फ्रान्समधल्या सर्व्हरवर नोस्टॅलरिअस नावानं जुना गेम, त्यातल्या सगळ्या गैरसोयींसकट, फुकट चालवला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथं दीड लाख खाती नियमित खेळत होती. कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आणि 10 एप्रिल 2016 ला सर्व्हर बंद झाला. कायद्यानं कंपनीचं बरोबरच होतं, माल तिचाच. पण जो माल कोणालाच नकोय असं मालक सांगतो, त्याच्या चोरीची एवढी आग का व्हावी? अडीच लाखांवर सह्यांचा अर्ज कंपनीच्या दारात गेला. मग त्याच सर्व्हरवाल्यांना कंपनीनं आपल्या कचेरीत बोलावून, हे तुम्ही कसं जमवलंत ते ऐकून घेतलं. आधी चोर म्हणून नोटीस, मग जाणकार म्हणून चहा.

नोव्हेंबर 2017 मध्ये तेच ब्रॅक त्याच जत्रेच्या मंचावर आले आणि आईस्क्रीमबद्दल बोलू लागले. काहींना व्हॅनिला आवडतं म्हणे. मूळ गेमला खेळणारे व्हॅनिलाच म्हणतात, त्यामुळे सभागृह काय ते समजलं आणि एकच आरडाओरडा झाला. माणसानं आपले शब्द गिळावेत तर असे, कपातून, वर चेरी लावून.

आता चूल पुन्हा मांडायची. 2006 च्या 1.12 आवृत्तीचा माल होता, पण तो जुना कोड आजच्या यंत्रणेत चालवणं म्हणजे दुखणं. म्हणून आजच्या इंजिनात जुनी माहिती ओतली. आत गॅसची शेगडी, बाहेरून शेण सारवलेलं. 2019 मध्ये चाचणीला लोकांना बसवलं तेव्हा ते तक्रारी करायला लागले की राक्षस मेल्यावर पुन्हा उगवायला फार वेळ लावतो, बैलतोंड्या टॉरेनांचा घाव फारच लांबून बसतो, घाबरवलेला माणूस भन्नाट वेगानं पळतो. शेवटी कंपनीनं यादीच काढली: हे बग नाहीत, हे असंच होतं. पंधरा वर्षं ज्याच्या आठवणीनं उसासे टाकले ते समोर आलं, तर मंडळी म्हणतात, काहीतरी बिघडलंय!

26 ऑगस्ट 2019 ला, सोमवारी, अमेरिकेत गेम उघडला. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावानं मंगळवारची रजा टाकली होती. मी व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाला, ‘दादा, थांब जरा, रांगेत आहे.’ मला वाटलं बँकेत. त्यानं फोन स्क्रीनकडे फिरवला. द्राक्षमळ्याजवळ एका डाकूची झोपडी, आणि तिच्यासमोर तीसेक शूर योद्धे, तलवारी-काठ्या सांभाळत, एकामागे एक ओळीनं उभे. डाकू एकच. तो मेला की पुन्हा उगवेपर्यंत थांबायचं, मग पुढच्यानं मारायचं. मध्येच एक घुसला तर बाकीचे ओरडले, लिहून का होईना. रेशनच्या दुकानात रॉकेल आलंय आणि पिंपात माप बुडतंय, हुबेहूब तेच. अडतीस वर्षांचा भाऊ हरखून सांगत होता, ‘अजून अकरा जण आहेत पुढे!’ नव्या गेममध्ये हे काम मिनिटात झालं असतं. मग तिथं का नाही खेळत, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही, नंबर आला होता.

बाकी जुना धाक मात्र राहिला नाही. लाव्ह्यातल्या ज्या रॅग्नरॉस राक्षसाला पाडायला पहिल्या खेपेस पाचेक महिने गेले, तो या वेळी आठवड्याच्या आत आडवा झाला. पेपर तोच, आणि गाईडं पंधरा वर्षांची.

एक मान्य करायला हवं: सुरुवातीला या जुन्या मालाचे वेगळे पैसे लावले नाहीत, भाडं तेच राहिलं. दुकानदारी आली ती 2021 मध्ये. जुन्या गेमची पुढची भर आली तेव्हा प्रश्न पडला की आपलं पात्र मागं ठेवायचं की पुढं न्यायचं? दोन्हीकडे हवं असेल तर त्याची झेरॉक्स: पस्तीस डॉलर. बोंब झाली तेव्हा पंधरा. आणि ज्यांना तंगडतोड नकोय त्यांना चाळीस डॉलरचा पास, थेट अठ्ठावन्नाव्या लेव्हलवर सोडणारा. धूरही विकायचा आणि धुराचा पंखाही.

21 नोव्हेंबर 2024 ला विसाव्या वाढदिवसाचं निमित्त करून कंपनीनं तोच जुना गेम पुन्हा पहिल्या लेव्हलपासून उघडला. भाऊ पंधरा दिवस उशिरा शिरला. कसं चाललंय म्हणून विचारलं तर आवाज पडलेला.

‘ती 2019 ची मजा नाही रे राहिली,’ म्हणाला. ‘डाकूसमोर कोणीच नव्हतं.’