रुमाल टाकून धरलेली खुर्ची

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमालाचा मालक अजून खाली, गर्दीत. पण जागा त्याची झाली. आधी चढलेली म्हातारी त्या रुमालाकडे बघत उभी राहते. ती रुमालाला काय विचारणार? कुठवर जाणार, पुढच्या थांब्यापर्यंत मी टेकू का? रुमाल बोलत नाही. म्हणूनच तो टाकतात.

फिलिपिन्समध्ये देशाच्या सर्वोच्च पदासाठी असाच रुमाल टाकला जात आला आहे. फक्त तो कापडाचा नसतो. तो माणूस असतो, आणि त्याने शपथेवर उमेदवारी अर्ज भरलेला असतो.

ऑक्टोबर २०२१. पुढच्या मे महिन्यातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी अर्ज भरायची मुदत १ ते ८ तारीख. राजधानी मनिलाला लागून असलेल्या पासाय शहरात, एका बड्या हॉटेलच्या आवारातल्या तंबूत निवडणूक आयोगाने, म्हणजे 'कोमेलेक'ने टेबलं मांडली होती. शेवटच्या दिवशी, मुदत संपत आली असताना सिनेटर रोनाल्ड डेला रोसा आले आणि राष्ट्राध्यक्षपदाचा अर्ज भरून गेले. हे मावळते राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांचे माजी पोलीसप्रमुख. अमली पदार्थांविरुद्धची रक्तरंजित मोहीम त्यांच्याच हाताखाली सुरू झाली होती. ही जागा दुसऱ्या कुणासाठी तरी धरून ठेवलीय, ही चर्चा त्याच दिवशी सुरू झाली. पाच आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरला, डेला रोसांनी अर्ज मागे घेतला.

आता त्या आठवड्याचा हिशेब बघा. दुतेर्तेंची मुलगी सारा हिने दावाओच्या महापौरपदासाठी अर्ज भरला होता. ९ नोव्हेंबरला तो मागे. ११ नोव्हेंबरला 'लाकास' पक्षात प्रवेश. १३ नोव्हेंबरला त्याच पक्षातर्फे उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी. तिथेही फारसं कुणाला माहीत नसलेलं एक नाव जागा धरून बसलं होतं, ते उठलं. महापौरपदाच्या रिकाम्या जागी भाऊ सेबास्तियन. दुतेर्तेंचे विश्वासू सिनेटर बाँग गो यांनी आधी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला होता, ते १३ नोव्हेंबरलाच राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. २ ऑक्टोबरला राजकारणातून निवृत्ती जाहीर केलेले स्वतः दुतेर्ते १५ नोव्हेंबरला सिनेटचे उमेदवार झाले. १४ डिसेंबरला गो आणि दुतेर्ते, दोघांनीही माघार घेतली.

एवढी उठाबस झाली आणि त्यात एकही नियम मोडला नाही. मला संताप येतो तो याचाच.

तिथल्या १९८५ च्या निवडणूक कायद्याचं ७७ वं कलम सांगतं की पक्षाचा उमेदवार मेला, अपात्र ठरला किंवा त्याने माघार घेतली, तर त्याच पक्षाचा दुसरा माणूस त्याच्या जागी उभा राहू शकतो. पहिली दोन कारणं रास्त आहेत. मरण सांगून येत नाही. पण माघार ही ठरवून घेता येते, आणि या तिसऱ्या कारणातूनच सगळा खेळ चालतो. आपल्याकडेही डमी अर्ज भरतात. पण आपला डमी मुदतीच्या आत अर्ज भरतो आणि त्याचं नाव खऱ्या उमेदवाराच्या नावाशेजारीच यादीत असतं. माघार घेतलेल्याच्या जागी मुदतीनंतर नवंच नाव आणता येत नाही. तिथे मात्र डमी आधी येतो आणि खरा उमेदवार मागाहून.

याच कायद्याचं ६९ वं कलम वाचा म्हणजे जखम कुठे आहे ते कळेल. निवडणूक लढवण्याचा ज्याचा खरा इरादाच नाही, असा 'उपद्रवी' उमेदवार आयोगाने बाद करावा, असं ते कलम म्हणतं. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी ९७ जणांनी अर्ज भरले. मतपत्रिकेवर उरले १०. गाळल्या गेलेल्यांत साधी माणसं कितीतरी. पैसा नाही, पक्ष नाही, म्हणून त्यांचा इरादाच खोटा ठरला. आणि ज्यांनी केवळ जागा धरण्यासाठी अर्ज भरला, ज्यांचा लढायचा इरादा नसणं हाच सगळ्या डावाचा पाया होता, त्यांच्या केसालाही या कलमाचा धक्का लागला नाही. गरिबाचं स्वप्न म्हणजे उपद्रव आणि बड्यांची खोटी शपथ म्हणजे डावपेच! या एका फरकाने निवडणुकीवरचा माणसाचा विश्वास जितका उडतो, तितका दहा अफवांनी उडत नाही.

ही युक्ती २०२१ ची नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात दुतेर्ते आपण लढणार नाही असंच सांगत होते. त्यांच्या पक्षातर्फे मार्टिन डिन्यो यांनी अर्ज भरला. त्या अर्जात राष्ट्राध्यक्षपदाबरोबर पासायच्या महापौरपदाचाही उल्लेख राहून गेला होता. देशाच्या सर्वोच्च पदासाठी शपथेवर दिलेला कागद, आणि कोणत्या पदासाठी उभे आहोत तेही त्यावर नीट लिहिलेलं नाही! नोव्हेंबरात डिन्योंच्या जागी दुतेर्ते आले आणि मे २०१६ मध्ये सुमारे ३९ टक्के मतांवर जिंकले. त्याही आधी, ३० डिसेंबर २००२ ला, राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या स्मृतिदिनी, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मॅकापगाल-आरोयो यांनी २००४ ची निवडणूक लढवणार नाही असा शब्द देशाला दिला होता. वर्षही पुरतं उलटलं नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये त्या उमेदवार होत्या.

फिलिपिनो माणसाला हे कळत नाही असं समजू नका. त्याच्या तोंडी यासाठी नेमके शब्द आहेत. पारंपरिक राजकारण्याला तो 'त्रापो' म्हणतो. 'ट्रॅडिशनल पॉलिटिशियन'ची ती आद्याक्षरं, आणि स्पॅनिशमधून आलेला त्याचा दुसरा अर्थ चिंधी, पोतेरं. रंग बदलणाऱ्याला तो 'बालिंबिंग' म्हणतो. बालिंबिंग म्हणजे आपलं करंबळ. आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी हातात येते. कुठूनही बघा, एक बाजू तुमच्याकडे असतेच. पोर्तुगीजांचा 'काराम्बोला' हा शब्द मराठी करंबळावरूनच गेला, असं कोशकार मानतात. कोकणात ते मीठ-तिखट लावून खातात. तिथे ती माणसाला दिलेली शिवी आहे.

मग शब्द माहीत असूनही हे का चालतं? कारण व्यवस्थाच तशी आहे. १९८७ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत दिली. फर्डिनांड मार्कोस यांची हुकूमशाही भोगलेल्या देशाने ही तरतूद शहाणपणानेच केली. पण त्यामुळे जाणाऱ्याला पुढची चिंता लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दुतेर्तेंच्या मोहिमेच्या तपासाला परवानगी दिली, आणि पुढच्याच महिन्यात ही उठाबस सुरू झाली. पदावरून उतरणाऱ्याला तेव्हा भरवशाचा वारस हवा असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यात मतदानाची दुसरी फेरी नाही, सगळ्यात जास्त मतं मिळाली की झालं. १९९२ मध्ये फिडेल रामोस २४ टक्क्यांहूनही कमी मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. अशा ठिकाणी कोण उभा, कोण बसला, यावरच निकाल हलतो. आणि पक्ष? ते नेत्यांच्या सोयीने भरतात आणि रिकामे होतात.

या सगळ्यात मतदाराचा जातो तो वेळ. ८ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, ३८ दिवस. ज्या दिवसांत उमेदवाराची कुंडली मांडायची, हिशेब मागायचा, जुने शब्द समोर ठेवायचे, ते दिवस 'कोण कुणाच्या जागी येणार' या तर्कात खर्च होतात. विश्वासार्हता भाषणात नसते. ती प्रश्नासमोर उभं राहण्यात असते. रुमालाला प्रश्न विचारता येत नाही.

जागेवर बसूनही प्रश्न टाळता येतात, हे २०२२ चे उमेदवार आणि त्याच हुकूमशहाचे पुत्र फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांनी दाखवलं. १९८२ ते १९८५ या वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं न भरल्याबद्दल त्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने तुरुंगवास काढला, दंड कायम ठेवला. ऑक्सफर्डच्या पदवीचा दावा होता. विद्यापीठाने सांगितलं की पदवी पूर्ण झाली नाही, विशेष पदविका मिळाली. हे विचारायची जागा होती निवडणूक आयोगाचा वादविवाद. मार्च २०२२ मध्ये पहिला वादविवाद झाला, दहापैकी नऊ उमेदवार आले. मार्कोस आले नाहीत. ९ मे रोजी ते ३ कोटी १६ लाख मतं घेऊन जिंकले. अपात्रतेचे अर्ज आयोगाने फेटाळले, सर्वोच्च न्यायालयानेही. कायद्याने ते वैध उमेदवार होते, आणि मी ते मान्य करतो. पण वैध असणं आणि उत्तरदायी असणं या दोन गोष्टी आहेत.

त्यांच्या प्रतिस्पर्धी लेनी रोब्रेदो यांनीही ७ ऑक्टोबरला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी नाव जाहीर केलं. लिबरल पक्षाच्या अध्यक्ष असून त्या अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पक्षाचा पिवळा सोडून गुलाबी रंग घेतला. हाही डाव होताच. पण अर्ज भरला त्याच पदासाठी त्या शेवटपर्यंत लढल्या, वादविवादांना आल्या, दीड कोटी मतं घेऊन हरल्या. समर्थक दारोदार फिरले, लोकांशी बोलले. पराभवातही एक शपथ पाळली गेली.

आणि एकजुटीची हाक देऊन जिंकलेल्या जोडीचं, राष्ट्राध्यक्ष मार्कोस आणि उपराष्ट्राध्यक्ष सारा यांचं, काय झालं? सारा यांनी जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मार्च २०२५ मध्ये रोद्रिगो दुतेर्ते मनिलाच्या विमानतळावर अटक होऊन हेगला, त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेले. दोन घराणी कोणत्या कार्यक्रमावर एकत्र आली, हे २०२१ च्या त्या नोव्हेंबरात धड कुणी विचारू शकलं नाही. त्याची किंमत देश अजून मोजतोय.

एक चांगलं झालं. २०२५ च्या मध्यावधी निवडणुकीसाठी कोमेलेकने ठरवलं की माघारीच्या जागी पर्यायी उमेदवार अर्जाच्या मुदतीतच द्यायचा. मुदतीनंतर फक्त मृत्यू किंवा अपात्रता. रुमाल उचलला गेला. पण तो आयोगाच्या ठरावाने उचललाय, कायद्याने नाही. कलम ७७ तसंच आहे, आणि पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मे २०२८ मध्ये आहे. त्या कलमातला माघारीचा शब्द तिथल्या काँग्रेसने खोडावा. जे खोडणार नाहीत, त्यांना मत मागायला आल्यावर लोकांनी दारातच विचारावं: तुम्ही स्वतः बसणार आहात, की कुणासाठी जागा धरताय?

एसटीतली म्हातारी तेवढाच प्रश्न विचारते. उत्तर आलं नाही तर ती रुमाल उचलून बाजूला ठेवते आणि बसते.