टाकी विकणे आहे

टाकी वर घ्यायची असं मी ठरवलं, तेव्हा ती खाली असण्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. सहा वर्षं ती चासीच्या डाव्या अंगाला, दोन लोखंडी पट्ट्यांत, मान खाली घालून लटकत होती आणि मागितलं तेवढं डिझेल मुकाट्यानं देत होती. संसारात याहून जास्त कुणाकडून मिळत नाही. पण त्या पावसाळ्यात मी गोव्याला जाऊन रेनफॉरेस्ट चॅलेंज बघून आलो आणि तिथे घात झाला.

२०१४ पासून गोव्यात ही स्पर्धा भरते, तीही ऐन पावसात. कंबरभर चिखलात जिप्सी उभ्या राहतात, आडव्या होतात, झाडाला विंचचा दोर बांधून स्वतःला ओढून काढतात. एका गाडीखाली मी वाकून पाहिलं, तर टाकीच नाही. चालकाला विचारलं, "टाकी कुठाय?" चिखलाखाली जो काही माणूस होता तो म्हणाला, "वर घेतली." बस, दोनच शब्द. पण काय तो रुबाब! परतीच्या गाडीत पनवेल येईपर्यंत मी ते दोन शब्द मनात वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहत होतो.

माझी गाडी फोर बाय फोर पिकअप आहे, सेकंडहँड. ती घेताना मी घरी 'डोंगरदऱ्या' हा शब्द बराच वापरला होता. प्रत्यक्षात ती मीरा रोड स्टेशन, उत्तनचा मासळीबाजार आणि वर्षातून एकदा जेसल पार्क चौपाटी एवढंच हिंडते. लो गिअरचा तो छोटा दांडा मी आजवर दोनदा ओढलाय. एकदा घोडबंदर रोडवर चेण्याच्या नदीपात्रात, फोटोसाठी. दुसऱ्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चुकून.

टाकीला मात्र पोचा होता. चांगला तीन लिटर डिझेल मावणार नाही एवढा. "चेण्याला खडक लागला," असं मी सगळ्यांना सांगत असे आणि सांगताना उजव्या हातानं एक वळण दाखवत असे.

काशीमिऱ्याच्या मिस्त्रीनं गाडीखाली सरपटत जाऊन पोचा पाहिला आणि पडल्या पडल्याच म्हणाला, "साहेब, हा खडकाचा नाय. सिमेंटचा हाय."

खरं होतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या गेटात जो उंचवटा बांधून घेतलाय, त्यानं तो पडला होता. पण उंचवट्यापायी टाकी वर घेतली असं जगाला कोण सांगतो? मी म्हटलं, "ते जाऊ दे. वर घ्यायची."

"खाली पत्रा मारून देतो, चार एमएमचा. अडीच हजार."

"वर घ्यायची."

तो बाहेर आला, हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. अशी माणसं त्याच्याकडे अधूनमधून येत असावीत.

वर म्हणजे मागच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला टेकून. आता जरा थांबून ही भाषा बघा. टाकी हौद्यात! मराठी माणसानं पाणी साठवायला जेवढे शब्द केलेत तेवढे पैसे साठवायला केले नाहीत. हौद, टाकी, टाकं, रांजण, पिंप, घंगाळ, हंडा, कळशी. हौदाला काना दिला की त्यात हत्तीवरून राजा बसतो. टाकं नपुंसकलिंगी आणि त्याचं अनेकवचन पुन्हा टाकीच. शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची टाकी आहेत. नाणेघाटात सातवाहनांच्या वेळची आहेत, दोन हजार वर्षांची, वाटसरूंसाठी खडकात खोदलेली. शेजारी जकातीचा दगडी रांजण. म्हणजे पाणी आणि टोल एकाच नाक्यावर! आपल्या दहिसर नाक्यानं यातली अर्धीच परंपरा उचलली होती, तीही लहान गाड्यांपुरती ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटली. मुद्दा असा, की त्या टाक्यांजवळ उभं राहून "जरा डावीकडे घ्या" असं दोन हजार वर्षांत कुणी म्हणालेलं नाही.

मीरा रोडला मात्र टाकी हलवणं हीच संस्कृती आहे. आम्ही इथे आलो तेव्हा बिल्डिंग होती, पाणी नव्हतं. टँकर यायचा. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिरगावातून येताना दोन पिंपं आणली होती. एक मोरीत, एक गॅलरीत. मग गॅलरीतलं स्वयंपाकघरात, मोरीतलं माळ्यावर. माळ्याला बाक आला म्हणून पुन्हा गॅलरीत. दर सहा महिन्यांनी दादा पिंप हलवायचे, भरलेलं, तळाच्या कडेवर तिरकं फिरवत, आणि एक थेंब सांडत नसे. कुठल्या कोपऱ्यात पाण्याचा किती भार पेलेल याचं त्यांना जे ज्ञान होतं ते आमच्या बिल्डरला असतं तर बरं झालं असतं. आता नळाला पाणी येतं, पण ज्या वेळी येतं त्या वेळी सज्जन माणसं झोपलेली असतात. सूर्या धरणाचं पाणी येणार, हे ऐकत माझे केस पांढरे झाले. पाण्यासाठी सूर्याकडे डोळे लावून बसणारी माणसं पुराणातही सापडायची नाहीत. असो. विषय डिझेलचा होता.

नवी टाकी बनवायला मी भाईंदर पूर्वेला गेलो. इथल्या गाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. तुमच्या घरातला एखादा डबा इथलाच असेल. कारागीर आर्गन वेल्डिंगमध्ये तरबेज होता, पण त्याची बुद्धी भांड्यांत मुरलेली. टाकीचं चित्र बघून त्यानं पहिला प्रश्न केला, "खाली तोटी लावू?" हसू नका, गाळ काढायला तोटी लागतेच. "वर झाकण कडीचं की आट्यांचं?" तेही बरोबर. आत पडदे कशाला, हे मात्र मला समजावावं लागलं. पडदे नसले तर वळणावर सगळं डिझेल एका बाजूला धावतं आणि गाडीला आपल्यासोबत ओढतं. तो म्हणाला, "म्हणजे ताटाला कप्पे असतात तसं." अगदी तसं. शेवटी त्यानं कोरायची सुई हातात घेतली आणि मराठी घरात स्टीलचं भांडं घेताना विचारला जाणारा तो सनातन प्रश्न विचारला.

"नाव काय घालू?"

नको म्हणायला हवं होतं. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली तारीख.

टाकी बसली. पंचावन्न लिटरची, आरशासारखी. ऊन पडलं की मागच्या रिक्षावाल्याचे डोळे दिपायचे. दोन आठवडे मी कारण नसताना गाडी धूत होतो, कुणी विचारेल म्हणून. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलंसुद्धा. मी तयार होतोच. "वर घेतली," म्हटलं. तो म्हणाला, "नाही, दुधाचा धंदा कधी सुरू केलात?"

मग एकेक कळायला लागलं. काट्याचा तरंगा जुन्या टाकीतला होता, त्या टाकीच्या खोलीला शिकलेला. नव्या टाकीत तो टाकी भरली तरी अर्धी दाखवायचा आणि रिकामी झाली तरी अर्धीच. आपल्याकडे काय शिल्लक आहे याबद्दल इतका समाधानी जीव मी पाहिलेला नाही. त्याच्या भरवशावर मी वरसावे नाक्यावर बंद पडलो आणि मागून ठाण्याकडची सगळी वाहतूक माझ्या वंशावळीबद्दल बोलू लागली. पुढच्या खेपेला टाकी भरलेली, तरी गाडी दर दहा-बारा किलोमीटरवर गुदमरायची. वर झाकण उघडलं की 'हुश्श' असा आवाज यायचा आणि ती पुन्हा सुरू. हवा आत यायची नळीच ठेवलेली नव्हती. डिझेल कमी होईल तसतशी टाकी आतून ओढायची, जशी बाटली तोंडाला लावून आपण ओढतो. कारागिराचा दोष नाही. डब्यात हवा जाऊ नये हेच तो आयुष्यभर शिकला होता. पेट्रोल पंपावर पोरगा नळी घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचा आणि शेवटी मी त्याला "वर चढ" म्हणायचो. आईनं उत्तनहून आणलेल्या बोंबलांना डिझेलचा वास लागला. त्या दिवशी आई काही बोलली नाही, फक्त बोंबील मांजराला घातले. मांजरानंही ते घेतले नाहीत.

मी अपमानित झालो की अभ्यास करतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची टाकी चालकाच्या बुडाखाली होती. पेट्रोल भरायचं तर त्यानं उठायचं आणि गादी उचलायची. अमेरिकेत फोर्डनं पिंटो गाडीची टाकी मागच्या आसाच्या मागे ठेवली. मागून धडक बसली की पेट घ्यायची आणि १९७८ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जनरल मोटर्सनं १९७३ ते १९८७ पर्यंत पिकअपच्या टाक्या चासीच्या पट्टीबाहेर लटकवल्या आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टात उत्तरं दिली. म्हणजे टाकी कुठे ठेवावी हा प्रश्न मोठमोठ्यांना चुकलेला होता. मला यानं फार बरं वाटलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तेही टिकू दिलं नाही. ते निवृत्त आहेत आणि कायदा वाचतात. "मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२," ते जिन्यातच म्हणाले. "नोंदणीत आहे त्याहून गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिने, नाहीतर दोन्ही." मग खाली येऊन त्यांनी मोजलं. टाकी एक, नळी दोन, तोंड तीन. "नाव कोरलंय तो चौथा धरायचा का, बघावं लागेल," म्हणाले. "पुरावा म्हणून मात्र उत्तम."

यातलं सगळं मी सोसलं असतं. पण गणपती आले.

आमच्या सोसायटीचा गणपती दरवर्षी माझ्याच गाडीतून विसर्जनाला जातो. डोंगरदऱ्यांचं सोडा, या गाडीनं खरं काम केलं असेल तर ते हेच. सेक्रेटरी टेप घेऊन आले. मूर्ती साडेतीन फुटांची, पाट अडीचचा, बाजूला पोरं. त्यांनी हौद्यात डोकावून पाहिलं. "कापूर, उदबत्त्या, बाहेर फटाके," ते सावकाश म्हणाले, "आणि मध्ये पन्नास लिटर डिझेल." ज्या माणसाच्या उंचवट्यानं हे सगळं सुरू झालं त्याचंच बरोबर असावं, याचा मला फार राग आला.

"अहो, कोपऱ्यात आहे ती. तिथे जागा रिकामीच होती."

खाली खेळणारी एक मुलगी चाकावर पाय ठेवून वर चढली होती. ती म्हणाली, "तिथे आजोबा बसायचे ना?"

दादा बसायचे. दरवर्षी. केबिनला पाठ टेकून, टोपी घालून, एक हात मूर्तीच्या पाठीशी. गाडी खड्ड्यात गेली की आधी मूर्तीला सावरायचे, मग स्वतःला. रस्ता खणलेला असो की मेट्रोच्या खांबांखाली गर्दीत तासभर अडकलेला, ते उतरत नसत. भरलेलं पिंप न सांडता नेणाऱ्या माणसाच्या हाती दिलेली वस्तू हलणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या गणपतीत त्या जागी आरतीचं ताट ठेवलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मिस्त्रीकडे त्या कोपऱ्याचं माप मीच घेतलं होतं. अडीच फूट रुंद, सोळा इंच खोल. मांडी घालून बसलेल्या माणसाला तेवढंच लागतं. भरलेल्या टाकीचं डिझेल साधारण पंचेचाळीस किलो होतं. दादा शेवटी तेवढेच उरले होते.

सेक्रेटरी टेप गुंडाळत राहिले. नंतर म्हणाले, "टेम्पो सांगू का?"

"नको," म्हटलं. "दोन दिवस द्या."

मिस्त्रीनं जुनी टाकी टाकली नव्हती. गॅरेजच्या जिन्याखाली होती, वर मांजर झोपलेलं. "असे साहेब परत येतात," तो म्हणाला आणि उतरवायचे वेगळे, चढवायचे वेगळे पैसे घेतले. पोचा आतून ठोकून काढला. खाली चार एमएमचा पत्रा मारला. अडीच हजार. सोसायटीच्या गेटातला उंचवटा सेक्रेटरींनी छिन्नी-हातोड्यानं दोन इंच कमी करून घेतला. त्याचे मजुराला दीडशे रुपये झाले आणि ते सोसायटीनं दिले. अनंत चतुर्दशीला त्या कोपऱ्यात मी बसलो. गाडी मुलानं चालवली, फार वाईट चालवली, आणि जेसल पार्क येईपर्यंत माझी पाठ गेली. मूर्ती हलली नाही.

तर, स्टीलची टाकी विकणे आहे. पंचावन्न लिटर, आर्गन वेल्डिंग, आत तीन पडदे, खाली तोटी, वर आट्यांचं झाकण. सोसायटीतल्या तिघांनी पाण्यासाठी मागितली. त्यांना सांगितलं तेच सांगतो, डिझेलचा वास जात नाही. हवेची नळी घेणाऱ्यानं बसवून घ्यावी. समोरच्या बाजूला माझं नाव आहे, ते खोलवर कोरलंय, निघणार नाही. चालवून घ्यावं.